अडीच वर्षांनंतर: फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि न उघडणारा टब

सात किलोचं मशीन. घर धायरीला, माणसं चार, आठवड्यातून पाच वेळा लावतो. कपडे स्वच्छ निघतात, पाणी कमी लागतं, धुण्याबद्दल काहीच तक्रार नाही. मला लिहायचंय ते बेअरिंगबद्दल, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यावर फिरतो त्या गोळ्यांच्या कड्यांबद्दल.

दोन वर्षांची वॉरंटी संपली आणि दोन महिन्यांत स्पिनला घरघर सुरू झाली. पंधरवड्यात आवाज इतका वाढला की रात्री मशीन लावणं बंद केलं. दार उघडून ड्रम हाताने वर उचलला की खडखड हलायचा. बेअरिंग गेलं होतं. ऑइल सील, म्हणजे बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारी रबरी रिंग, झिजलं की पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग गंजतं. हे कुठल्याही मशीनचं होऊ शकतं, त्यासाठी मी कंपनीला बोल लावणार नाही.

राग आला तो पुढे. सर्व्हिसचा माणूस म्हणाला, "मॅडम, नुसतं बेअरिंग मिळत नाही. अख्खा टब बदलायचा, साडेनऊ हजार." बेअरिंग बसवलेलं असतं ते ड्रमभोवतीच्या बाहेरच्या टबमध्ये, आणि त्या टबचे दोन भाग स्क्रूने जोडलेलेच नाहीत, प्लास्टिक वितळवून एकजीव केलेत. सासूबाईंच्या जुन्या मशीनला स्क्रू होते. त्याचं बेअरिंग दोनदा बदललं आणि ते सोळा वर्षं चाललं. मोटरवर १० वर्षांची वॉरंटी आहे म्हणून आम्ही हे घेतलं होतं. टब उघडतो का, हे विचारायचं सुचलंच नाही.

युरोपात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही १० वर्षं मिळायला हवेत, असा नियम आहे. पण त्यातही बेअरिंग सुटं द्या किंवा ड्रमसकट द्या, दोन्ही चालतं. म्हणजे माझी अडचण तिथल्या बाईलाही येऊ शकते.

शेवटी वडगावच्या एका मेकॅनिक काकांना बोलावलं. "ताई, टब कापावा लागेल. गळणार नाही याची खात्री आत्ता देता येणार नाही," ते आधीच म्हणाले. आम्ही हो म्हटलं. त्यांनी जोडाच्या कडेने आधी स्क्रूसाठी भोकं पाडली, मग हॅक्सॉने जोडावरून टब कापला. अख्खा दिवस गेला. ६२०५ आणि ६२०६ ही दोन बेअरिंग आणि सील नाना पेठेतून आणलं. बेअरिंगचे हे नंबर ठरलेल्या मापाचे, बेअरिंगच्या दुकानात सहज मिळतात. सिलिकॉन लावून स्क्रू आवळले, एक दिवस सुकू दिलं. एकूण खर्च ३,४०० रुपये, त्यातले बहुतेक मजुरीचे, आणि ते त्यांच्या कष्टाचे होते.

आता चार महिने झाले. आवाज नाही, गळती नाही. तरी स्पिनच्या वेळी मी खाली हात लावून बघतेच. काकांनी एक जादा सील आणून दिलंय, ते मशीनमागच्या फडताळात ठेवलंय. पुढच्या वेळी कापायची गरज नाही, स्क्रू काढले की टब उघडेल.