सैनिकाच्या नावावर खपवलेला गुन्हा : ‘द शॅडो डिस्ट्रिक्ट’

१९४४ सालच्या हिवाळ्यातील एक रात्र. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील राष्ट्रीय नाट्यगृहाची काळपट इमारत वर्षानुवर्षे अर्धवट उभी आहे आणि परदेशी सैन्याने तिचे कोठार करून टाकले आहे. एक अमेरिकन सैनिक आणि त्याची आइसलँडमधील मैत्रीण आडोसा शोधत इमारतीच्या मागच्या बाजूला येतात, तेव्हा पुठ्ठ्यांखाली झाकलेले एका तरुणीचे प्रेत त्यांच्या दृष्टीस पडते. मैत्रीण घाबरते, पण तिला प्रेतापेक्षाही मोठी धास्ती असते ती आपण या वेळी येथे कोणाबरोबर होतो हे घरी कळण्याची. आर्नाल्दुर इंद्रिदासन यांच्या ‘द शॅडो डिस्ट्रिक्ट’ या कादंबरीची खरी किल्ली या धास्तीत आहे. मूळ आइसलँडिक पुस्तक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, तर व्हिक्टोरिया क्रिब यांनी केलेला इंग्रजी अनुवाद, जो मी वाचला, २०१७ मध्ये आला.

ही धास्ती समजण्यासाठी त्या काळाची थोडी माहिती हवी. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला. आइसलँडचा आणि डेन्मार्कचा राजा एकच असला तरी आइसलँडने तटस्थता जाहीर केली होती आणि त्या देशाकडे स्वतःचे सैन्यही नव्हते. तरीही १० मे १९४० च्या पहाटे ब्रिटिश नौसैनिक कोणाची परवानगी न घेता रेक्याविक बंदरात उतरले. जर्मन वाणिज्यदूताला पकडायला ते पोहोचले, तेव्हा वाणिज्य दूतावासातील न्हाणीघराच्या टबात कागदपत्रे जळत होती. पुढच्या वर्षी अमेरिकन सैन्य आले. जेमतेम सव्वा लाख वस्तीच्या त्या देशात हजारो तरुण परके पुरुष पत्र्याच्या अर्धगोल बराकींतून राहू लागले. धावपट्ट्या आणि रस्ते बांधण्याच्या कामातून लोकांच्या हाती कधी नव्हे एवढा रोख पैसा खेळू लागला, आणि म्हणूनच ‘धन्य ते युद्ध’ असा तिरकस वाक्प्रचार तेथे रूढ झाला. सैनिकांबरोबर हिंडणाऱ्या स्त्रियांसाठी मात्र वेगळा शब्द निघाला : ‘आउस्तांदिद’, म्हणजे ‘परिस्थिती’. अमुक मुलगी ‘परिस्थितीत आहे’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नसे. सरकारने चौकशी समिती नेमली, तरुणींवर पाळत ठेवली आणि १९४२ मध्ये काही मुलींना क्लेप्यार्न्सरेय्कीर येथील संस्थेत डांबलेसुद्धा.

अशा गावात मुलीचा खून झाला, तर संशय कोणावर जाईल हे सांगायला पोलीस लागत नाही. आर्नाल्दुर यांच्या कादंबरीचे सामर्थ्य, माझ्या मते, या आयत्या संशयाला त्यांनी दिलेल्या वागणुकीत आहे. तपास दोघांकडे सोपवलेला आहे : रेक्याविक पोलिसांतील फ्लोव्हेंट आणि लष्करी पोलिसांतील थॉर्सन. थॉर्सन हा कॅनडात स्थलांतरित झालेल्या आइसलँडिक कुटुंबातला असल्यामुळे त्याला भाषा येते, पण गाव त्याचे नाही. त्याला स्थानिक लोक पूर्ण आपला मानत नाहीत आणि सैनिकांनाही तो पुरता आपला वाटत नाही. या दोघांना प्रत्येक उंबरठ्यावर सैनिकांकडे बोट दाखवणारी माणसे भेटतात. त्यांतील कोण प्रामाणिकपणे तसे मानतो आणि कोणाला ते सोयीचे आहे, हे ओळखण्यातच अर्धे पुस्तक खर्ची पडते, आणि ते अर्धे पुस्तक उत्तम आहे.

दोष दुसऱ्यावर ढकलण्याची दुसरी सोय याहून जुनी आहे. आइसलँडच्या लोककथांत ‘हुल्दुफोल्क’ म्हणजे अदृश्य लोक खडकांत, कड्यांत राहतात. मेलेली मुलगी, शिवणकाम करणारी रोसामुंडा, हिच्या खुनाचा माग काढताना उत्तरेकडील आणखी एका मुलीचे प्रकरण पुढे येते, आणि दोन्हीकडे हुल्दुफोल्कचे नाव निघते. येथे घटनास्थळाची निवड किती विचारपूर्वक केलेली आहे हे लक्षात येते. वास्तुरचनाकार ग्वुद्योन सामुएल्सन यांनी हे नाट्यगृह लोककथेतील हुल्दुफोल्कच्या कड्यातील महालावरून कल्पिले होते. १९३२ च्या सुमारास पैशांअभावी काम थांबले आणि नाट्यगृह प्रत्यक्षात १९५० मध्ये उघडले. म्हणजे अदृश्य लोकांच्या महालात सैनिकांचा माल साठवलेला आहे आणि त्याच्या पाठीशी प्रेत पडलेले आहे. सैनिक आणि हुल्दुफोल्क, दोन्ही परके, दोन्ही बोट दाखवायला सोपे. शेवट सांगत नाही. पण लेखकाची नजर बंदराकडे नसून घरांकडे असते, एवढे म्हणायला हरकत नाही.

हीच नजर ‘सायलेन्स ऑफ द ग्रेव्ह’ या त्यांच्या आधीच्या आणि अधिक गाजलेल्या कादंबरीतही दिसते. तेथे रेक्याविकच्या सीमेवर घरे बांधली जात असताना जुना सांगाडा सापडतो आणि गोष्ट युद्धकाळातील टेकडीवरच्या एका घरापर्यंत मागे जाते. शेजारी लष्कराचा तळ आहे, पण त्या घरातील बाईच्या वाट्याला आलेली मारहाण नवऱ्याची आहे, आणि माणुसकी दाखवतो तो तळावरचा सैनिक. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, की आर्नाल्दुर यांनी विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास केला होता हे आठवते. त्यांना युद्धातील लढाई सांगायची नसते. परकी फौज आल्यावर घरातल्या गोष्टी किती सहज तिच्या खात्यावर टाकता येतात, हे सांगायचे असते.

आता तक्रारी. कादंबरीचा दुसरा धागा वर्तमानातला आहे : नव्वदी ओलांडलेला एक म्हातारा आपल्या फ्लॅटमध्ये मृत सापडतो, त्याच्याकडे १९४४ च्या खुनाची कात्रणे मिळतात आणि निवृत्त पोलीस कोनराड चौकशीला लागतो. कोनराडचे वडील मृतात्म्यांशी बोलण्याचे ढोंग करणारे ‘माध्यम’ होते आणि त्यांचा जुन्या प्रकरणाशी संबंध आलेला होता. ही कल्पना छान आहे, पण तिचे पुरेसे चीज झालेले नाही. कोनराड जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे वाचकाला मागच्याच प्रकरणात फ्लोव्हेंटने मिळवून दिलेली असतात, त्यामुळे मध्यावर पुस्तक रेंगाळते. काही मुलाखती तर एकाच साच्यातल्या आहेत : दार, कॉफी, नकार, अर्धी कबुली.

अनुवाद साधा आणि स्वच्छ आहे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, वडिलांच्या नावावरून पडलेले दुसरे नाव असते, आणि माणसाला पहिल्या नावानेच ओळखले जाते. म्हणून येथेही लेखकाचा उल्लेख ‘आर्नाल्दुर’ असा केला आहे. पहिली पन्नास पाने ही नावे ओळखीची होण्यात जातात. पात्रांची नावे कागदावर टिपून ठेवावीत, विशेषतः दोन काळांत वेगवेगळ्या वयांत भेटणाऱ्या माणसांची.

पुढचे पुस्तक ‘द शॅडो किलर’ कथानकाने १९४१ मध्ये, म्हणजे मागे जाते आणि फ्लोव्हेंट व थॉर्सन यांची पहिली भेट तेथे आहे. तरीही सुरुवात ‘द शॅडो डिस्ट्रिक्ट’पासूनच करावी. ‘द शॅडो किलर’मध्ये हेरगिरी आणि नाझी यांना मधोमध जागा मिळाली आहे, तर येथे युद्ध कडेला, पुठ्ठ्यांच्या ढिगासारखे पडून आहे, आणि आर्नाल्दुर कडेलाच अधिक चांगले लिहितात.