बॉन्टॉक की लगावे? भातखाचरं बघायला मुक्काम कुठे टाकायचा

फिलिपिन्समधे लुझोन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा डोंगरात ही दोन्ही गावं, दोन्ही प्रांताच्या राजधान्या, पण राजधानी म्हणजे मोठं शहर असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. १९६६ पर्यंत सगळा मिळून एकच माउंटन प्रॉव्हिन्स होता आणि राजधानी बॉन्टॉक, मग तुकडे झाले, इफुगाओ वेगळा निघाला आणि त्याची राजधानी लगावे.

युनेस्कोने १९९५ ला जागतिक वारशाच्या यादीत घेतलेली खाचरंच बघायची असतील तर सरळ लगावे धरा, कारण यादीतले खाचरांचे पाचही समूह इफुगाओतच आहेत. जवळच कियांगान, सप्टेंबर १९४५ मधे जपानी जनरल यामाशिता शरण आला ते गाव. पण खुद्द लगावेत काय म्हणाल तर सरकारी ऑफिसं आणि बाजार, बस्स.

बॉन्टॉकचं तसं नाही, गावातच जीव रमतो. चिको नदी, पलीकडे सामोकी गाव, विणकाम आणि मातीची भांडी दोन्हीसाठी नावाजलेलं. म्युझियम अजिबात चुकवू नका, एका बेल्जियन ननने उभं केलंय, टोपल्या, भाले, जुने फोटो आणि मागच्या अंगणात जुन्या पद्धतीची गवताच्या छपराची घरं, आत वाकूनच शिरावं लागतं. आणि वर मालिगकाँगची खाचरं, बांध दगडावर दगड रचून घातलेले!! युनेस्कोचा शिक्का नाही म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत हे मला खरंच खटकतं. सगाडा हे गावही तिथून जवळ, जीपनी (तिकडची प्रवासी जीप) मिळते.

लगावे, बनावे, बॉन्टॉक असा रस्ता आहेच, तर जास्तीच्या रात्री बॉन्टॉकला ठेवा.