टोचतंय नक्की कुठं, हे विचारणारे शिंपीमामा

सांगलीत कापड पेठेच्या मागच्या एका बोळातल्या शिंप्याबद्दल लिहितेय. दुकानाच्या पाटीवरचं नाव उन्हानं केव्हाच उडालंय आणि मामांनी मला बजावलंय, "नाव-बिव कुठं टाकू नका ताई, दिवाळीचं हाय तेवढंच आवरंना." म्हणून नाव देत नाही. ज्या दाराशी रिकाम्या रिळांनी भरलेला पत्र्याचा डबा दिसेल, ते दुकान.

आधी गिऱ्हाइकाबद्दल, म्हणजे आमच्याबद्दल. मला आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला कपडे टोचतात. पुरळ उठत नाही, ॲलर्जी नाही, त्वचेच्या डॉक्टरांनी दोनदा बघून काही नाही म्हणून सांगितलंय. पण मानेमागं लेबल असलं की समोरचा माणूस काय बोलतोय ते मला निम्मंच ऐकू येतं. बाकीच्यांना कपडा अंगावर चढवला की पाच मिनिटांत त्याचा विसर पडतो म्हणे. आम्हाला संध्याकाळपर्यंत पडत नाही.

मुलाला ऑटिझम आहे हे दोन वर्षांपूर्वी कळलं. कपड्यांचं हे प्रकरण त्यातलंच, असं थेरपिस्टबाईंनी सांगितलं. निदानासाठी डॉक्टर लोक जी अमेरिकन नियमावली वापरतात तिच्यात स्पर्श, आवाज, वास यांची ही टोकाची जाणीव २०१३ साली ऑटिझमच्या निकषांत घेतली गेली. तोवर माझं लग्नसुद्धा होऊन गेलं होतं आणि आईच्या लेखी मी नुसती नखरेल होते. माझं निदान कुणी केलेलं नाही. ऑटिझम नसतानाही असं टोचू शकतं, तेव्हा मी त्या वाटेला गेलेही नाही. लहानपणी दिवाळीचा जाळीचा फ्रॉक मी आतून शाळेचा जुना शर्ट ठेवून घालायचे आणि फोटोत कॉलर बाहेर आलेली दिसते, एवढाच माझा पुरावा.

गेल्या जूनमधली सकाळ सांगते. साडेसहा वाजलेत, व्हॅन सात वाजता. मुलगा शर्ट घालून दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा, बुजगावण्यासारखा. हात खाली घेतले तर शर्ट बगलेला लागेल. रडत नाही, बोलत नाही, नुसता उभा. सासूबाई स्वयंपाकघरातून, "लाडावून ठेवलाय." मी कात्री घेऊन लेबल कापलं. इथं पहिला धडा: लेबल कात्रीनं कधी कापू नये. ते गुळगुळीत चकचकीत पट्टीचं असतं ना, त्याच्या कडा गरम पात्यानं कापलेल्या असतात, म्हणजे वितळून कडक झालेल्या. मधून कापलं की शिलाईतला अर्धा सेंटिमीटरचा खुंट तसाच राहतो आणि आता त्याला दोन टोकदार कोपरे नवीन आलेले असतात. आधी पट्टी होती, आता करवत झाली.

मग बिनालेबलाचे टीशर्ट ऑनलाइन मागवले, एक सातशे रुपयांना. लेबलाऐवजी आत मानेवर रबरासारखा जाड छाप. घामानं तो चिकटायचा. तो टीशर्ट आता फरशी पुसायला आहे, आणि त्या कामाला उत्तम आहे. 'बांबूचं कापड' म्हणून एक जोड घेतला. मऊ होता, नाही म्हणत नाही. पण बांबूचं म्हणून जे विकतात ते बहुतेक बांबूच्या लगद्यापासून काढलेलं व्हिस्कोस असतं, दोनतीन महिन्यांत त्याला गुठळ्या आल्या आणि गुठळी म्हणजे आमच्या घरात खडा. शिवाय कापड कितीही मऊ असो, शिवलेलं होतं त्याच चरचरीत पॉलिएस्टर दोऱ्यानं. शाळेलाही अर्ज दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, हे त्यात लिहिलं. बुटांऐवजी सँडल चालतील असं उत्तर आलं, शर्टाचं कापड मात्र तेच.

मामांकडे गेले ती खरं तर माझ्या ब्लाउजचे हुक लावायला. मुलगा बरोबर होता, गणवेशात, हात लांब धरून. मामांनी मला काही विचारलंच नाही. चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कुठं टोचतंय रं? बोट ठेव बघू." दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा. मी विचारायचे "टोचतंय का", आणि त्याचं उत्तर एकच. यावर त्यानं आधी खिशावर बोट ठेवलं, मग दोन्ही बगला, मग मान. चार जागा. मला वाटत होतं अख्खा शर्ट टोचतो.

मामांनी शर्ट काढायला लावून उलटा केला आणि आतली शिलाई स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूवर घासली. "बोटाला कळत न्हाई, शिवून शिवून मेल्यात. हितं कळतंय." माझ्यासमोर चारही जागा निघाल्या. खिशावर शाळेचं बोधचिन्ह मशीनवर भरलेलं, त्याच्या मागं ताठ राहावं म्हणून कागदासारखं अस्तर आणि भरतकामाच्या गाठी, सगळं नेमकं छातीवर. बगलांत इंटरलॉक. रेडिमेड कपड्याच्या आत कडेला जी जाळीदार शिलाई असते ना, ती. चार कडा बगलेत एकावर एक येतात तिथं कणीएवढा कडक गोळा होतो. मी नखानं दाबून बघितला, खरंच गोळा. मानेमागं माझीच करामत, तो लेबलाचा खुंट.

त्यांनी काय केलं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या गावच्या लोकांनी आपापल्या शिंप्याला सांगावं. लेबल उसवलं, कापलं नाही. बोधचिन्हाच्या मागचा कागद नखानं फाडून काढला आणि त्यावर आतून रुबियाचा तुकडा हातशिलाईनं लावला. टू बाय टू रुबिया, आपलं ब्लाउजपीसचं. त्यात उभा आणि आडवा दोन्ही धागे दुपदरी पिळाचे असतात, म्हणून ते पातळ असूनही टिकतं. तुकडा नवा नव्हता, माझ्याच जुन्या ब्लाउजचा मागून घेतला, "धुऊन धुऊन मेलेलं आणा." बगलांचं इंटरलॉक उसवून दोन्ही कडा एकमेकीत दुमडून चपट्या शिवल्या, जुन्या लेंग्याला असायची तशी. त्यासाठी दोन्हीकडून अर्धा इंच कापड लागतं, म्हणून शर्ट एक माप मोठा घ्यायचा. एका शर्टाचे एकशेवीस रुपये झाले.

पुढचे दोन शर्ट त्यांनी कापड घेऊन पहिल्यापासूनच शिवले. शाळेचं कापड टेरीकॉट, ताग्याच्या काठावर ६७:३३ छापलेलं, म्हणजे दोन वाटे पॉलिएस्टर आणि एक वाटा सुती. पॉलिएस्टर घाम पीत नाही. दुपारी बारानंतर हा शर्ट ओल्या पिशवीसारखा पाठीला चिकटतो, त्याला मामांकडे उपाय नाही आणि ते तसं सरळ म्हणाले. पाठीला सुती अस्तर लावून बघितलं, गरम झालं, काढलं. आत बिनबाह्यांचा जुना सुती बनियन, उलटा घातलेला, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग. नवं कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढून आणायचं. मी पहिल्यांदा तसंच नेलं तर परत पाठवली मला, "ह्यात खळ हाय, पोरगं कातरून निघंल." कॉलरला त्यांनी बकरम घातलंच नाही. कॉलर मरगळलेली दिसते. दिसू दे.

दोऱ्याबद्दल आमचं थोडं वाजलं. मी सुती दोऱ्याचा हट्ट धरला. मामा म्हणाले मोटरवर तुटतो, पायानं मशीन मारावी लागंल, तीस रुपये जादा. दिले. फरक पडतो का? मला पडतो. मुलाला विचारलं तर म्हणाला, "आवाज येत नाही." दोऱ्याचा आवाज म्हणजे काय, ते मी अजून विचारतेय.

माझं स्वतःचं काम म्हणाल तर नणंदेच्या लग्नातली पैठणी. पैठणी अंगाला मऊच असते, दोष तिचा नाही. फॉल लावला होता दुसरीकडे, तंगुसाच्या दोऱ्यानं. पारदर्शक, दिसत नाही, म्हणून लावतात. पण तंगूस जिथं संपतो तिथं त्याचं टोक वाकत नाही, सुईसारखं सरळ उभं राहतं. पावलापाशी अशी सात-आठ टोकं. मामांनी सगळा फॉल उसवून सुती दोऱ्यानं लावला आणि वर समजावून सांगितलं. त्यांच्या बाकावर घोंगडी अंथरलेली असते, माझा मुलगा तिच्यावर बसत नाही, उभा राहतो. "तेच हाय बघा. आपल्या मेंढराचा केस जाड, वाकत न्हाई, रुततो." घरी येऊन वाचलं तर अगदी तसंच. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड लोकरीचा तंतू कातडीवर दाबला की वाकायच्या ऐवजी टोचतो, आणि मेरिनोचा २० च्या आसपास असतो म्हणून ती लोकर महाग आणि मऊ. ॲलर्जी नव्हे, नुसतं टोक. त्या दिवसापासून मी 'मला सहन होत नाही' म्हणायचं सोडून 'याला टोक आहे' म्हणते. लोक भांडत नाहीत.

खणाच्या ब्लाउजला मात्र त्यांनी हात लावला नाही. खणाच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे धागे लोंबतात, अस्तर लावलं तरी बगलेत जाणवतात. "हे तुमच्यासाठी न्हाई ताई, कशाला पैसे घालवता." गिऱ्हाईक परत पाठवणारा शिंपी मी पहिल्यांदा बघितला.

आता तक्रारी. वेळेच्या नावानं शंख. गुरुवार म्हणाले की पुढचा सोमवार धरायचा, श्रावणात तर एकदा अकरा दिवस उशीर. एका शर्टावर मशीनच्या तेलाचा थेंब आला होता, डाग गेला पण वास दोन धुण्यांनी गेला, आणि माझ्या घरी वास हा वेगळा खटला आहे. एक बटण हरवलं, त्याजागी जवळपास तसंच लावलं. मुलाला ते 'चौथं बटण वेगळं' म्हणून लगेच कळलं आणि बदलून घ्यावं लागलं. दुकानात रेडिओ मोठ्यानं असतो. सांगितलं की बंद करतात, पण सांगावं लागतं. पैसे रोख न्या; मोबाइलवर पैसे पुतण्याच्या खात्यात जातात आणि पुतण्या दुकानात नसला की मामांना पटत नाही ते आले म्हणून.

एक जादाची गोष्ट. मामी वरच्या मजल्यावर वाकळ शिवतात, लोकांच्या जुन्या लुगड्यांच्या, हातटाक्यांच्या. मी सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी दिली, सुती, पंचवीस-तीस वर्षं नेसलेली. सातशे रुपये शिलाई, दीड महिना लागला. वाकळ जड आहे आणि टाके इतके जवळ की कुठं धागा सुटा नाही. माझ्या मुलाला हलका हात लागला तर तो दचकतो, पण जड दाब त्याला हवा असतो. थेरपिस्टबाई वजनदार गोधडी मागवा म्हणाल्या होत्या, ऑनलाइन चार हजारांची, आत काचेचे मणी आणि वर पॉलिएस्टर. ती मागवली नाही. वाकळीत तो डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून झोपतो. सासूबाईंनी एकदा तिचा कोपरा गालाला लावून बघितला आणि म्हणाल्या, "हे माझं जांभळं." लाडावल्याची भाषा तेव्हापासून जरा कमी आहे.

पाचपैकी चार तारे देते, एक तेलाच्या डागाचा आणि अकरा दिवसांचा कापला. जाताना जुना मऊ सुती तुकडा न्या, नवं कापड असेल तर ते भिजवून, वाळवून न्या, आणि मूल बरोबर न्या, कारण मामा त्यालाच विचारतात.

मोज्यांचं विचारलं होतं. बोटांवरची ती आडवी शिलाई. मामांनी मोजा हातात घेतला, कोपरावर घासला, परत दिला. "ह्ये मशीनचं विणकाम हाय, उसवलं तर मोजाच जाईल. उलटा घाल म्हणावं." उलटाच घालतो.