खारी हवा, उन्हाळी फॅशन आणि एक टिचबटण : फेब्रुवारी ते सप्टेंबरचा वापर

लिननचा शर्ट अजून ठणठणीत आहे. कापड विरलेलं नाही, शिवण उसवलेली नाही, रंग किंचित उतरलाय इतकंच. तरीही तो चारचौघांत घालण्याच्या लायकीचा राहिलेला नाही, कारण कंपनीने खिशाच्या झाकणावर शोभेसाठी एक टिचबटण ठोकलंय आणि त्याच्याभोवती रुपयाएवढा तांबूस डाग पडलाय. खिसा इतका उथळ की त्यात धड पेनही उभं राहत नाही. त्याला बंद करायची सोय कशाला हवी होती?

वापर रत्नागिरीजवळ, खाडीकाठी, २०२५चा उन्हाळा आणि त्यापुढचा पावसाळा. त्या वर्षीच्या चालीतल्या चार वस्तू : बटर यलो म्हणजे लोण्यासारख्या फिकट पिवळ्या रंगाचा लिनन शर्ट (१,८९९ रुपये), छापील व्हिस्कोसचा (लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सुळसुळीत कापड) को-ऑर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाचा शर्ट-पँटचा जोड (१,२९९), आयलेटमधून (भोकाला ठोकलेल्या धातूच्या कड्यातून) नाडी ओवलेली रुंद पायांची सुती पँट (१,०९९) आणि क्यूबन म्हणजे उघड्या, पसरट कॉलरचा टेरीकॉट शर्ट, ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती (४९९). मासिकांत 'स्प्रिंग लेयरिंग' म्हणून शर्टावर हलकं जाकीट दाखवतात, ते इथे विसरायचं. शिमग्याच्या पालख्या नाचायला लागेपर्यंत अंगावर बनियनही नकोसं होतं.

आधी कापडं. आपल्याकडे पारा विदर्भासारखा ४४ला टेकत नाही, पण घाम वाळत नाही हे खरं दुखणं. त्यामुळे कापड ओल किती पितं ते बघायचं. लिनन वजनाच्या साधारण १२ टक्के ओल पोटात ठेवूनही कोरडं लागतं, सुती ८ टक्क्यांच्या आसपास, पॉलिएस्टर जेमतेम ०.४. एप्रिल-मेमध्ये लिननला तोड नव्हती. फक्त लेबलवर 'लिनन ब्लेंड' किंवा 'लिनन फील' असेल तर आतल्या मायेतला (शिवणीत सोडलेल्या जादा कापडातला) एक धागा ओढून पेटवून बघा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती, लिनन किंवा व्हिस्कोस. वितळून टोकाला कडक मणी आला तर पॉलिएस्टर मिसळलंय.

व्हिस्कोसचा सेट अंगावर सुंदर पडतो, दगडावर तितकाच वाईट वागतो. हे कापड भिजलं की त्याची ताकद निम्म्यावर येते. सुती आणि लिनन उलट ओले असताना जास्त मजबूत. म्हणून ज्या हाताने आपण चादर पिळतो त्याच हाताने व्हिस्कोस पिळलं की काखेतली शिवण सरकते. पहिल्या धुण्यात या सेटमधली पँट उंचीला दीड इंच आटली. विकत घेताना खालच्या दुमडीत किमान दोन इंच माया आहे का ते बघा, नसेल तर एक माप मोठं घ्या.

टेरीकॉटबद्दल मेपर्यंत सांगण्यासारखं चांगलं काहीच नव्हतं. पाठीला चिकटतो, काखेत वास धरतो. रांगेत शेवटचा.

इथवरचं मत पावसाच्या आधीचं. २०२५मध्ये मान्सून २५ मेलाच देवगडात पोहोचला, वाळवणं आवरायलाही सवड मिळाली नाही. गणपती होईपर्यंत क्रमवारी पार उलटली. लिनन पडवीत दोन-दोन दिवस ओलसर राहतं. त्यातही कॉलरच्या आतलं फ्यूजिंग, म्हणजे ती ताठ ठेवणारं चिकटवलेलं अस्तर, ओल सोडत नाही, आणि बुरशीचे बारीक काळे ठिपके पहिल्यांदा तिथेच उठतात. त्यात कडक इस्त्रीच्या हौसेने खळ घातली असेल तर बुरशीला आणि कसरीला आयतंच जेवण. टेरीकॉट मात्र रात्री पंख्याखाली टाकला की सकाळी कोरडा. शिवाय त्याची बटणं प्लास्टिकची, दोऱ्याने शिवलेली. धातू औषधालाही नाही. ४९९चा शर्ट जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त घातला गेला आणि आजही दुकानातून आणल्यासारखा दिसतो. पावसाळ्यापुरता त्याला पहिला नंबर.

आता धातू, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

स्वस्त टिचबटण म्हणजे लोखंडी पत्र्यावर निकेलचा पातळ मुलामा. मशीनने कापडात ठोकताना पत्रा दुमडतो तिथे मुलाम्याला तडे जातात. ते वरून दिसत नाहीत, दोन वाट्यांच्या मध्ये, कापडाला चिकटलेल्या बाजूला असतात. घामातलं मीठ, धुण्याचं पाणी आणि खारा वारा तिथूनच शिरतो. गंमत म्हणजे हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून हवेतलं पाणी ओढतं. किनाऱ्याजवळ दुपारभर वाळत ठेवलेला शर्ट संध्याकाळी पुन्हा दमट लागतो तो त्यामुळेच. म्हणजे बटण कपाटात बसल्याबसल्याही ओलंच. पँटच्या आयलेटचं हेच झालं. नाडी ओली राहते, आयलेटच्या काठाला घासते, आणि पोटावर दोन तांबडे डोळे उमटतात.

दुकानात जाताना छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. टिचबटण, आयलेट, हूक, चेनचा रनर (वरखाली सरकणारा भाग), सगळ्याला लावून बघा. घट्ट चिकटलं तर लोखंड, तो कपडा परत ठेवा. पितळेवर निकेलचा मुलामा असेल तर किंचित ओढल्यासारखं वाटतं, पण चुंबक धरून राहत नाही. पितळ फार तर हिरवट पडेल. चेन नायलॉनच्या दातांची असली तरी रनर तपासाच, तो बहुधा धातूचा असतो. दुकानदार बघत राहतो, राहू दे.

विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर तयार असतं : धातूच्या भागांवर वॉरंटी नाही, बदलायची मुदत संपली, कपडा कोरड्या जागी ठेवावा. जुलैत, खाडीकाठी, कोरडी जागा! फोटो मागवले, ते पाठवल्यावर आणखी जवळून काढलेले फोटो मागवले, आणि शेवटी पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ केली. म्हणजे गंजायला आणखी एक शर्ट.

डागावर ब्लीच चुकूनही घालू नका. गंजाचा डाग ब्लीचने पक्का होतो आणि त्या जागी कापड झिजून भोक पडतं. बिंबल (कोकणातलं आंबट फळ) हाताशी असेल तर कापून रस डागावर चोळा, अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्याने खळबळून काढा. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल असतं आणि बाजारातली गंज काढायची बरीच औषधं त्यावरच चालतात. नसेल तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात. रंगीत कपड्यावर आधी आतल्या मायेवर करून बघा : बटर यलो जिथे चोळलं तिथे थोडा फिकट झाला. डाग साधारण पाऊण हिश्शाने गेला, कडेची तपकिरी रेघ राहिली.

अर्थात बटण तिथेच असेल तर डाग पुन्हा येणार. ते काढायचं. टोकदार पकडीने वरची टोपी वाकवून सोडवायची, ओढायची नाही, नाहीतर कापड फाटतं. मागे ४-५ मिलिमीटरचं भोक राहतं. आतल्या मायेतून दोन सेंटिमीटरची चकती कापून मागून लावायची, कडा बारीक टीप घालून बसवायच्या, वर नारळाच्या करवंटीचं बटण. हे जाड असतं, म्हणून काज बटणाच्या व्यासापेक्षा दोन मिलिमीटर मोठं. करवंटीची बटणं रात्रभर भिजत ठेवू नका. पँटला आयलेटच्या जागी दोन उभी काजं करून नाडी त्यातून ओवायची. शिंपी दोन्हींचे मिळून दीडशे घेतो, वर 'हे आधीच असं का शिवत नाहीत' हेही विचारतो.

वाळवतानाही लोखंड शोधा. प्लास्टिकच्या चिमट्याच्या पोटात लोखंडी स्प्रिंग असते, तिचा डाग नेमका खांद्यावर येतो. गॅल्व्हनाइझ्ड तार जिथे पिळ घालून बांधली असते तिथे आधी गंजते. काथ्याची दोरी ओली झाली की तपकिरी पाणी सोडते. नायलॉनची दोरी आणि लाकडी हँगर, तोही बिनखिळ्याचा.

रंगाबद्दल एकच. दरवर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करणाऱ्या पँटोन कंपनीने २०२५साठी 'मोका मूस' हा कॉफीसारखा तपकिरी रंग निवडला होता. बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस, केळीचा चीक, गंज, चिऱ्याची लाल धूळ, सगळं त्यात खपून जातं. बटर यलोवर बोंडूच्या रसाचा एक थेंब पडला की कपडा घरात घालायचा झाला. आमसुलाचा डाग पडलाच तर साबण लावायच्या आधी साध्या पाण्याने धुवा, साबणाने तो निळसर होऊन बसतो.

लिनन पुन्हा घेणार, पण बिनखिशाचा. को-ऑर्ड सेटमधला वरचा भाग ठीक, पँट नको. सुती पँट नाडीची काजं केल्यापासून रोज वापरात आहे. टेरीकॉट आणखी एक घ्यायला गेलो तर त्याच दुकानात त्याच नमुन्याला आता खिसा जोडलाय, वर टिचबटण, आणि किंमत ६४९. चुंबक घट्ट चिकटलं.