जुन्या कोरोलासाठी नवी कव्हरे आणि सीट हीटर : घरी बसवलेल्या संचाचा अनुभव

अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये जानेवारीत पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नवलाचे नाही. आमच्या 2010 सालच्या टोयोटा कोरोलाला सीट हीटर नव्हते, आणि इंजिनमधील कूलंट तापल्याशिवाय गाडीचा नेहमीचा हीटर गरम हवा देत नसल्यामुळे ऑफिसचा निम्मा रस्ता थंडगार सीटवर अंग आखडून बसण्यातच जात असे. त्यातच चालकाच्या सीटचे कापड डाव्या कडेला, चढता-उतरता घासून, पार विरले होते आणि आतला फोम दिसू लागला होता. म्हणून गेल्या सप्टेंबरमध्ये मूळ कापड काढून त्याच्या जागी बसणारी कृत्रिम चामड्याची कव्हरे आणि कार्बन फायबरच्या हीटरचा संच, असे दोन्ही मागवले. हीटर कव्हराच्या आतच बसतो. एकदा सीट उसवायचीच आहे तर दोन्ही कामे एकत्र करणे शहाणपणाचे.

हीटरपेक्षा कव्हरानेच जास्त कस पाहिला. सीट चार बोल्ट काढल्यावर सुटते आणि त्यासाठी 14 मिमीचा पाना पुरतो. पण तिच्या कडेला एअरबॅग असल्यामुळे आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबावे लागते आणि मगच सीटखालचे पिवळे कनेक्टर सोडवावे लागतात. ही पायरी घाईत उरकू नये, असे मी अगदी कळकळीने सांगते. कव्हर निवडतानाही एअरबॅगच्या जागेची शिवण फुगा उघडताच सुटेल अशी खास घातलेली आहे ना, हे तपासून घ्यावे. वरून चढवण्याची साधी कव्हरे मी घेतली नाहीत, त्यामागे हेही कारण होते.

गादीला टाके घालून जसे खळगे पाडतात, तसेच सीटचे कापड फोममधल्या खाचांत तारेच्या कड्यांनी खाली ओढलेले असते. या कड्यांना हॉग रिंग म्हणतात. जुन्या कड्या कापून काढणे सोपे आहे. नव्या कड्या खोल खाचेत नेमक्या तारेला अडकवून दाबणे मात्र फार जिकिरीचे. माझे पती गुडघ्याने फोम दाबून धरत आणि मी खास पकडीने कडी आवळत असे, तरीही एका सीटला पूर्ण दुपार लागली. कव्हरांसोबत आलेल्या कड्या पातळ होत्या, त्यातल्या काही वाकल्या, आणि जाड कड्या वेगळ्या आणाव्या लागल्या. कृत्रिम चामडे थंडीत ताठर होते, त्यामुळे हे काम उबदार दिवसात करावे. राहिलेल्या सुरकुत्या हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेने बऱ्याच अंशी निघाल्या.

हीटरच्या दोन पट्ट्या, एक बसण्याच्या भागाला आणि एक पाठीला, फोमवर चिकटतात. त्या दुमडल्या गेल्या तर त्या जागी जास्त तापण्याचा धोका असतो; म्हणून खाचेपाशी त्या पट्ट्या संचासोबतच्या माहितीपत्रकात दाखवलेल्या जागीच कापाव्यात. पत्रकातली चित्रे मात्र इतकी अस्पष्ट होती की मला ती भिंग घेऊन पाहावी लागली. मुख्य वीज बॅटरीपासून फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) यांमार्गे आणावी आणि रिलेचा इशारा चावी फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या वायरवरून घ्यावा, नाहीतर हीटर चुकून सुरू राहिल्यास सकाळी बॅटरी उतरलेली मिळेल. सीट पुढे-मागे सरकते, त्यामुळे रुळाजवळ वायरला पुरेशी ढील ठेवली. मल्टीमीटरवर एका सीटचा प्रवाह 4 अँपिअरच्या थोडा वर आला, म्हणजे साधारण 60 वॅट.

शेजारच्या सीटला मी फक्त पाठीचे कव्हर बदलले. तिथल्या बसण्याच्या भागाखाली प्रवासी आहे की नाही आणि किती वजनाचा आहे हे ओळखणारा सेन्सर असतो, आणि एअरबॅग उघडायची की नाही हे त्यावर ठरते. त्यावर नवी पट्टी आणि ताणलेले नवे कव्हर घालून त्याच्या मापात फरक पडू देण्याची माझी तयारी नव्हती. दोन्ही सीटचा रंग आता जुळत नाही. ते मला चालते. ज्यांना तिथेही हीटर हवा असेल त्यांनी सेन्सर पुन्हा जुळवून देणाऱ्या कारागिराकडेच जावे.

आता हीटर सुरू केल्यापासून दोन-तीन मिनिटांत पाठ उबदार होते, गाडीची हवा गरम होण्याच्या कितीतरी आधी. वरची पातळी मी दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवत नाही, आणि मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांनी तर ती वापरूच नये, कारण चटका बसल्याचे त्यांना वेळेवर कळत नाही. संपूर्ण हिवाळ्यात एकही फ्यूज उडाला नाही आणि डाव्या कडेची शिवण अजून घट्ट आहे. हीटरच्या संचाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. कव्हरांना, त्या कड्यांमुळे, साडेतीन.