अर्थशास्त्राची पदवी: तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

अर्थशास्त्र मुख्य विषय घेऊन तीन सेमिस्टर झाली. प्रवेशाआधी मला ज्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, त्या इथे लिहिते आहे. विषय मला आता मनापासून आवडतो, पण पहिले पाच-सहा महिने तो नुसता अंगावर यायचा.

मी आले होते ते पैसा, बँका आणि शेअर बाजार कळावा म्हणून. पहिल्या सेमिस्टरमध्ये यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. आली ती निवड: हाताशी असलेलं मर्यादित, गरजा अनेक, मग एक गोष्ट घेताना दुसरी कोणती सोडावी लागते? त्या सोडलेल्या गोष्टीची किंमत म्हणजे संधी खर्च. फक्त गुंतवणूक शिकायची असेल तर फायनान्सचा अभ्यासक्रम घ्यावा, इथे निराशा होईल.

मायक्रोचा, म्हणजे ग्राहक, कंपन्या आणि एकेका बाजाराचा अभ्यास करणाऱ्या भागाचा, सगळा डोलारा आकृत्यांवर उभा आहे आणि माझी चूक तिथेच झाली. मी आकृत्या पाठ केल्या. वक्र कुठून कुठे जातो, छेदबिंदूला कोणतं अक्षर, सगळं तोंडपाठ. अंतर्गत परीक्षेत प्रश्न आला: वस्तूची किंमत वाढली तर मागणी वक्र (कोणत्या किमतीला किती मागणी, हे दाखवणारी रेषा) कुठे सरकेल? मी तो डावीकडे सरकवून नीटनेटकी आकृती काढून आले. खरं तर तो सरकतच नाही. किंमत बदलली की आपण त्याच वक्रावर वर-खाली होतो, तो मागणीचा विस्तार किंवा संकोच. अख्खा वक्र सरकतो तो उत्पन्न, आवड किंवा पर्यायी वस्तूची किंमत बदलल्यावर, ती मागणीतली वाढ किंवा घट. दोन्ही व्याख्या मला पाठ होत्या, फरक मात्र कळला नव्हता. त्या दिवसापासून आकृती काढण्याआधी वहीच्या कोपऱ्यात लिहायची सवय लावली: काय बदललं, काय स्थिर धरलं. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शब्द प्रत्येक नियमाच्या सुरुवातीला येतात आणि आपण ते मंत्रासारखे म्हणून पुढे जातो. सगळा विषय त्या चार शब्दांत अडकलेला आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

गणिताची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट खटकेल. किंमत बदलते म्हणून मागणी बदलते, तर किंमत आडव्या अक्षावर हवी. फ्रेंच अर्थतज्ज्ञ कूर्नोने १८३८ मध्ये ती तशीच घेतली होती. पण इंग्लिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने ती उभ्या अक्षावर नेली आणि तीच पद्धत रुळली. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी सांगितलं असतं, तर चढ उलटा का येतो यावर कित्येक संध्याकाळी गेल्या नसत्या.

विषय खऱ्या अर्थाने उघडला तो इंग्लिश अर्थतज्ज्ञ रिकार्डोच्या देशादेशांतल्या व्यापाराबद्दलच्या १८१७ च्या उदाहरणाने. ठरावीक कापडासाठी इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालमध्ये कापडाला ९०, वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग त्याने इंग्लंडशी व्यापार का करावा? वर्गात उत्तर ऐकलं तेव्हा पटलं नाही. घरी कागद घेऊन बसले. इंग्लंडमध्ये एक माप वाइन म्हणजे १.२ मापं कापड सोडणं, पोर्तुगालमध्ये साधारण ०.८९. म्हणून पोर्तुगालने वाइन आणि इंग्लंडने कापड करावं, आणि या दोन आकड्यांमधल्या कुठल्याही दराने देवघेव झाली तर दोघांचाही फायदा. स्वतः भागाकार केल्यावर जे कळलं, ते चार वेळा वाचूनही कळलं नव्हतं. मात्र इंग्लंडमधल्या वाइन करणाऱ्याचं पुढे काय होतं, हे त्या चार आकड्यांत नाही. हा प्रश्न मी वर्गात विचारला आणि त्यावर पूर्ण तास चर्चा झाली. आतापर्यंतचा माझा सगळ्यात आवडता तास तो.

गणिताबद्दल स्पष्ट लिहिते: डेरिव्हेटिव्ह (एक राशी किंचित बदलली की दुसरी किती दराने बदलते ते) येत नसेल तर दुसऱ्या सेमिस्टरपासून दम लागतो. ‘सीमांत’ (आणखी एका नगाने पडणारा फरक) हा शब्द जिथे जिथे येतो तिथे आत डेरिव्हेटिव्हच असतं. प्रवेशाआधीच्या सुट्टीत तेवढं पक्कं करून या. आमच्या कॉलेजात गणिताचा पेपर आणि मायक्रो यांची सांगड कुणी घातली नाही, ती मुलांनाच घालावी लागली. ही माझी खरी तक्रार आहे.

मॅक्रो, म्हणजे संपूर्ण देशाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास, मला अजून पूर्ण बसलेलं नाही. अर्थतज्ज्ञ फिलिप्सने १९५८ मध्ये ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ च्या आकड्यांवरून बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचं उलटं नातं दाखवलं, तोच फिलिप्स वक्र. पुढे हेच नातं महागाईलाही लावलं गेलं, पण १९७० च्या दशकात महागाई आणि बेरोजगारी बरोबरच वाढली. पाठ केलेला वक्र लगेच पुढच्या प्रकरणात मोडलेला पाहून मी आधी वैतागले होते.

सांख्यिकीने मात्र मला या विषयात घट्ट रोवलं. मागणी-पुरवठ्याची साधी आकृती सांगते की किमान वेतन वाढवलं तर नोकऱ्या घटतील. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ते ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तेव्हा वाढलं नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड दुकानं वाढीआधी आणि वाढीनंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही. पुढे इतरांनी वेगळी आकडेवारी घेऊन त्यांना आव्हान दिलं, वाद बराच चालला. मला भिडली ती पद्धत: वाढ झाली नसती तर काय झालं असतं, हे कधीच दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी शेजारचं राज्य ठेवायचं. असं काही पहिल्या वर्षीच दाखवायला हवं, तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत थांबायची गरज नाही.

घ्यावा का हा विषय? ‘का’ विचारल्याशिवाय चैन पडत नसेल आणि आकडेमोडीचा कंटाळा नसेल तर जरूर घ्या. आदल्या रात्री वाचून पास होण्याची सवय असेल तर इथे हाल होतील. पुढच्या सेमिस्टरला अर्थमिती आहे, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक नाती तपासणं. त्यातल्या रिग्रेशनची (आकड्यांमधून दोन गोष्टींचं नातं काढण्याची पद्धत) पहिली गणितं मी सुट्टीतच सोडवायला घेतली आहेत, दोन आली, तिसऱ्यावर अडले आहे.