सहा तासांत फुल होणारी बॅटरी

जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या विचारात असाल तर व्यवहार करायच्या आधी हे वाचा. गाडीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही. फसवलं ते विकणाऱ्याने.

गाडी आठ वर्षं दोन महिन्यांची होती. बॅटरी ३० किलोवॉट-अवर, म्हणजे सोप्या भाषेत ३० युनिटांची. या गाडीत बॅटरीची तब्येत दाखवणाऱ्या १२ काड्या असतात, त्या बाराही भरलेल्या. फुल चार्जवर रेंज २४० किलोमीटर. "ताई, कंपनीने २५० सांगितली होती, बघा, अजून २४० दाखवतेय. एका हाताने वापरलेली गाडी आहे, बिनधास्त घ्या." चक्कर मारली ती जेमतेम सात-आठ किलोमीटरची. तेवढ्यात बॅटरीचं काय कळणार?

तो २५०चा आकडाच मुळात एनईडीसी या युरोपातल्या जुन्या रेंज-चाचणीचा होता. ती चाचणी प्रयोगशाळेत, जेमतेम २० मिनिटांची, सरासरी वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास आणि गाडीतलं वातानुकूलन बंद. युरोपात २०१७पासून तिच्या जागी डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आली, तिचे आकडे रस्त्यावरच्या अनुभवाच्या बरेच जवळ जातात. पण त्याआधीच्या गाड्यांच्या माहितीपत्रकात जुनेच आकडे छापलेले आहेत आणि विकणारे तेच ऐकवतात.

त्याने सोबत ७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जरही गळ्यात मारला, "चार तासांत फुल" म्हणून. गाडीच्या आतला चार्जर ३.३ किलोवॉटचा आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. एसी, म्हणजे घरच्या साध्या विजेवरच्या चार्जिंगला वेग ठरतो तो गाडीच्या आतल्या चार्जरवर. भिंतीवर कितीही मोठा लावा, गाडी ३.३च्या वर ओढणार नाही.

पहिल्या महिन्यात रेंज कमी पडायला लागली. फोन केला की उत्तर तयार: थंडी आहे, तुम्ही वेगात चालवता, हीटर लावता. यातलं काहीच खोटं नव्हतं. थंडीत रेंज घटते, ताशी शंभरच्या पुढे गेलं की भराभर उतरते. म्हणूनच माझा विश्वास बसत गेला. पाचव्या आठवड्यात एक काडी गेली आणि पुढच्या पंधरा दिवसांत आणखी तीन.

खरा प्रकार उघडा पडला तो त्याच भिंतीवरच्या चार्जरमुळे. किती युनिट गेले ते त्याच्या पडद्यावर दिसतं. एका रात्री १० टक्क्यांवर गाडी लावली, सकाळी पाहिलं तर १०० टक्के, वेळ सहा तास, युनिट २०. बॅटरी ३०ची असेल तर ९० टक्के भरायला २७ युनिट आत जायला हवेत. एसी चार्जिंगमध्ये साधारण १०-१५ टक्के वीज उष्णतेत वगैरे वाया जाते, म्हणजे भिंतीतून ३०च्या घरात जायला हवेत आणि ३.३च्या वेगाने नऊ तासांहून जास्त लागायला हवेत. गाडी लवकर भरते म्हणून मी इतके दिवस समाधानात होते, आणि ती लवकर भरत होती कारण तिच्यात जागाच उरली नव्हती. उलटा हिशेब केला: २० युनिटांतले साडेसतरा आत गेले, तेवढ्यात ९० टक्के भरले, म्हणजे बॅटरी उरली साडेएकोणीस युनिटांची. मूळच्या ६५ टक्के. एका युनिटला ६ किलोमीटर धरले तर ११५-१२० किलोमीटर, बस्स.

वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञाने ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र, जोडून पाहिलं, त्याच्याही पडद्यावर ६५ आलं. त्याने सांगितलं ते असं: बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेची, म्हणजे बीएमएसची, शिकलेली माहिती पुसता येते. पुसली की ती बॅटरी नवीन धरून चालते, काड्या भरतात. मग चार्ज-डिस्चार्ज होत होत खरी क्षमता तिच्या ध्यानात येते आणि काड्या परत उतरतात. रेंजचा आकडाही अंदाजच असतो. आदले काही दिवस गाडी सावकाश हाकली की तो फुगतो.

बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची देतात, क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. माझी गाडी दोन महिन्यांनी हुकली होती. गाडी तेव्हाच विकायला निघाली, हा योगायोग मला वाटत नाही.

चार्जिंगच्या खर्चाचंही तसंच. त्याने ३० युनिटांत २५० किलोमीटर असा हिशेब मांडला होता, वाया जाणारी वीज धरलीच नव्हती. बॅटरी खंगली म्हणून दर किलोमीटरचा खर्च फारसा वाढत नाही, पण घरून निघून घरी परतण्याएवढी रेंज उरत नाही. मग वाटेत फास्ट चार्जर गाठावा लागतो आणि तिथलं युनिट घरच्यापेक्षा महाग. शिवाय ८० टक्क्यांनंतर त्याचाही वेग इतका पडतो की उरलेल्या २०साठी ताटकळत बसावं लागतं.

तेव्हा गाडी बघायला जाल तर १० टक्क्यांवर आणून ठेवायला सांगा, तुमच्यासमोर १००पर्यंत चार्ज करा आणि मीटरवरचे युनिट लिहून घ्या. काड्या पुसून भरता येतात, मीटर नाही. विकणारा "एवढा वेळ कुणाला आहे" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. हे जमण्यासारखं नसेल तर निदान एका सपाट रस्त्यावर ५० टक्के चार्ज संपेपर्यंत चालवा आणि किलोमीटर मोजा.

चार्जरचे पैसे त्याने भांडणानंतर परत दिले. गाडीबद्दल "जशी आहे तशी घेतलीत" असं सहीचं कलम दाखवलं. माझी लेखी तक्रार दाखल झाली आहे. गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात पाहिली: तेच मॉडेल, आठ वर्षं जुनं, काड्या १२ पैकी १२.